वटवाघळाचे कान आणि पाळण्यातले बाळ

वटवाघूळ हा काही कोणाच्या आवडीचा प्राणी नव्हे. तिन्हीसांजेला ते घरात शिरले की बायका डोक्यावर पदर ओढून घेतात, मुले केरसुणी घेऊन धावतात आणि आजीबाई अपशकुन म्हणून बोटे मोडतात. पण याच नावडत्या प्राण्याच्या कानापाशी एका शास्त्रज्ञाने उमेदवारी केली, आणि तिथे कमावलेली विद्या पस्तीस वर्षांनी तान्ह्या मुलांच्या उपयोगी पडली. त्या शास्त्रज्ञाचे नाव डॉ. रॉबर्ट गॅलॅम्बोस.

दीडशे वर्षांचे कोडे

गोष्ट सुरू होते इटलीत, १७९३ साली. लाझारो स्पालान्झानी नावाचे एक धर्मगुरू निसर्गशास्त्राचे मोठे व्यासंगी होते. खोलीतला दिवा विझवला की घुबड भिंतीवर आपटते, पण वटवाघूळ मात्र खुशाल उडत राहते, हे त्यांनी पाहिले. डोळे काढून टाकले तरी वटवाघळाचे काही अडत नाही, हेही त्यांनी क्रूर वाटणाऱ्या प्रयोगांनी ताडून पाहिले. पुढच्याच वर्षी जिनीव्हाच्या लुई ज्युरीन या शल्यवैद्यांनी वटवाघळांचे कान बंद केले, आणि ती बिचारी जिथे तिथे धडकू लागली!

म्हणजे वटवाघूळ कानांनी पाहते की काय? पण ते ऐकते तरी काय? उडताना ते तर अगदी मुके! फ्रान्सचे विख्यात प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी निकाल दिला की हा सारा स्पर्शज्ञानाचा खेळ आहे. मोठ्यांचा शब्द तो! जवळजवळ दीडशे वर्षे कानांची गोष्ट थट्टेवारी गेली.

दोन विद्यार्थ्यांची जोडी

१९३८ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात डोनाल्ड ग्रिफिन नावाचा विद्यार्थी वटवाघळांचा पिंजरा घेऊन प्रा. पिअर्स यांच्या प्रयोगशाळेत गेला. माणसाला ऐकू न येणारे ध्वनी ऐकू येतील असे रूपांतर करणारे यंत्र या प्राध्यापकांनी बनवले होते. पिंजरा यंत्रासमोर धरताच यंत्र तडतडू लागले. वटवाघूळ मुके नव्हतेच. आपणच त्याच्यापुरते बहिरे होतो! आपल्या कानाची मर्यादा सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांची. त्या वटवाघळांचा आवाज पन्नास हजारांच्या घरातला.

पण हा आवाज खुद्द वटवाघळाला तरी ऐकू येतो काय? इथे गॅलॅम्बोस कामास आले. १९१४ साली ओहायो राज्यात जन्मलेला हा तरुण हार्वर्डमध्येच डॉक्टरेटसाठी अभ्यास करीत होता. ध्वनी कानात शिरला की अंतर्कर्णात विजेचे अतिसूक्ष्म प्रवाह उठतात. ते टिपण्याचे नाजूक तंत्र त्याने हस्तगत केले होते. वटवाघळाच्या चिमुकल्या कानाला त्याने तार जोडली, आपल्याला ऐकू न येणारे सूर वाजवले, आणि कानाने विजेच्या भाषेत हुंकार दिला.

मग दोघांनी एका खोलीत छतापासून जमिनीपर्यंत फूटफूट अंतरावर तारा टांगल्या. डोळे झाकलेली वटवाघळे त्यांतून सफाईने निसटली. कान बंद केलेली धडकली. आणि तोंड बांधलेलीही तशीच धडकली! उलगडा झाला. वटवाघूळ स्वतः साद घालते आणि तिच्या पडसादावरून वाट काढते.

हिशेब करून पाहा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. साडेतीन मीटरवरच्या भिंतीवरून पडसाद परत यायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. एवढ्याशा वेळात त्या इवल्या मेंदूने अंतर ओळखायचे आणि पंख वळवायचे! किडा टप्प्यात आला की काही जातींची वटवाघळे सेकंदाला दीडशे-दोनशे सादा घालतात. मात्र वडापिंपळावर लटकणारी, फळे खाणारी आपली मोठी वटवाघळे मुख्यतः डोळ्यांवर आणि नाकावर विसंबतात. ही करामत आहे ती लेण्यांत, जुन्या देवळांत आणि वाड्यांच्या माळ्यांवर राहणाऱ्या लहान, कीटकभक्षी जातींची.

शास्त्रज्ञांच्या एका सभेत हे निष्कर्ष ऐकून एका नामांकित शरीरशास्त्रज्ञांनी गॅलॅम्बोसचे खांदे धरून त्यांना गदागदा हलवले म्हणतात. त्यांचे तरी काय चुकले? रडार आणि सोनार ही तेव्हा लष्करी गुपिते होती. एवढासा प्राणी तेच करतो हे पटावे कसे? १९४४ साली ग्रिफिन यांनी या विद्येला नाव दिले ‘एकोलोकेशन’, म्हणजे प्रतिध्वनीवरून ठिकाण ओळखणे.

कानाकडून मेंदूकडे

ग्रिफिन वटवाघळांपाशीच रमले. गॅलॅम्बोस यांना ओढ लागली ती कानामागच्या मेंदूची. १९४६ साली त्यांनी वैद्यकाची पदवीही घेतली. कान मेंदूला खबर देतो हे सर्वांना ठाऊक होते. पण मेंदूही उलट कानाला आवरू शकतो, हे त्यांनी १९५६ साली मांजरावरील प्रयोगांनी दाखवले. पुढे येल विद्यापीठ, आणि १९६८ पासून कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो.

तिथे त्यांनी हाती घेतलेला प्रश्न कोणाही आईच्या काळजाचा होता. जन्मतः बहिरे असलेले मूल दिसायला चारचौघांसारखेच असते. ते हसते, हुंकारते, हातपाय झाडते. आपण टाळी वाजवली की वळूनही पाहते, कारण त्याला हाताची हालचाल दिसलेली असते. ‘बोलेल हो सावकाश, याचा बापही उशिरा बोलला होता,’ अशी घरची मंडळी समजूत घालतात. आणि भाषा शिकण्याची पहिली मोलाची वर्षे हातची निघून जातात.

बाळाला ‘ऐकू येते का?’ असे विचारता येत नाही. वटवाघळाला तरी कुठे विचारता येत होते? कानालाच विचारायचे! निजलेल्या बाळाच्या कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवायच्या, कानात हलके टिक-टिक आवाज सोडायचे आणि पहिल्या सेकंदाच्या शतांशात मेंदूच्या देठातून उठणाऱ्या विद्युत्लहरी टिपायच्या. लहर फारच क्षीण. म्हणून शेकडो-हजारो आवाजांची सरासरी गणकयंत्राने काढायची. या लहरी इतर संशोधकांनी आधीच शोधल्या होत्या. पण त्यांवरून तान्ह्या बाळांची श्रवणशक्ती मोजता येते, हे गॅलॅम्बोस आणि त्यांचे सहकारी कर्ट हेकॉक्स यांनी १९७४ साली दाखवले. सुई नाही, भूल नाही, बाळाची झोपमोडही नाही!

१९९३ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या परिषदेने प्रत्येक नवजात बालकाची श्रवणचाचणी व्हावी अशी शिफारस केली. २०१० साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, गॅलॅम्बोस निवर्तले.

आपल्याकडे डॉक्टर या तपासणीला ‘बेरा’ म्हणतात. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत आणि अनेक मोठ्या रुग्णालयांत ती होते. हजार बाळांमागे एक ते तीन बाळांना जन्मतः श्रवणदोष असतो. तो सहा महिन्यांच्या आत उमगला तर श्रवणयंत्र, शिकवणी आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया यांच्या बळावर त्यांतली पुष्कळ मुले बोलू लागतात.

तेव्हा वाचकहो, घरात नवे बाळ आले की वजन, टोचणी आणि बारसे यांच्या यादीत आणखी एक गोष्ट लिहून ठेवा: कानांची तपासणी. टाळीवर विसंबू नका.