परीक्षेच्या फीचा अडसर

भारतीय सनदी सेवेची स्पर्धापरीक्षा १८५५ पासून केवळ लंडनमध्ये होत असे. ती हिंदुस्थानातही घ्यावी ही मागणी दादाभाई नौरोजींसारख्या पुढाऱ्यांनी अनेक दशके लावून धरली आणि अखेर १९२२ साली अलाहाबादेस ती परीक्षा घेण्यात आली; तोवर ज्याच्यापाशी आगबोटीचे भाडे नव्हते, त्याला ते दार कायद्याने खुले व वस्तुतः बंद होते. आज परदेशात उच्चशिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या, बारामती-इंदापूर तालुक्यांतील अल्पभूधारकाच्या वा शेतमजुराच्या मुलीपुढे आगबोट नाही, परंतु अडसर त्याच प्रकारचा आहे.

परदेशी विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेची फी २२,००० रुपयांच्या आसपास, इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेची सतरा-अठरा हजार. जर्मनीत सरकारी विद्यापीठांचे शिक्षणशुल्क बहुतांशी माफ असले, तरी तेथील व्हिसासाठी लागणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राचे १८,००० रुपये आधीच भरावे लागतात. जीआरईच्या फीतील सवलत अमेरिकेतील गरजू विद्यार्थ्यांसाठी आहे, आपल्याकडील गरजूंसाठी नाही. परीक्षाकेंद्र पुण्यास, म्हणजे बारामतीहून सुमारे १०० किलोमीटर आणि इंदापूरहून त्याहूनही दूर; घरी बसून परीक्षा देण्याची सोय आहे खरी, पण तिला स्वतंत्र खोली, संगणक व अखंड इंटरनेट लागते, आणि दोन खोल्यांच्या घरात ही त्रयी जुळणे कठीण.

रकमेइतकीच तिची वेळही जाचक आहे. अमेरिकी विद्यापीठांच्या अर्जांची मुदत बहुधा डिसेंबर-जानेवारीत संपते, म्हणून फी पावसाळ्यातच अदा करावी लागते. माळेगाव, सोमेश्वर वा भवानीनगर येथील कारखान्यांचा गळीत हंगाम मात्र दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, उसाचे बिल त्यानंतर येते, आणि त्यातूनही सोसायटीचे पीककर्ज प्रथम वळते होते.

शासन उदासीन आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजांतील ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता व विमानभाडे मिळते, आणि हे औदार्य महाराष्ट्राला भूषणावह आहे. तथापि तो लाभ प्रवेश मिळालेल्यास, आणि प्रवेशाआधीचा सारा खर्च उमेदवाराने स्वतः सोसावयाचा. लाखोंची तरतूद असताना काही हजारांसाठी गुणवान मुलगी अर्जच करीत नाही, आणि जिने अर्ज केला नाही तिची नोंद कोणत्याही दप्तरी होत नाही.

जीआरईच्या दोन सरावपरीक्षा विनामूल्य उपलब्ध आहेत, तेव्हा महाविद्यालयांनी संगणककक्ष संध्याकाळी खुला ठेवावा, आणि साखर कारखान्यांनी किंवा शिक्षणसंस्थांनी परीक्षेची फी जुलैतच उचल म्हणून द्यावी. प्रवेश न मिळाल्यास ती माफ करावी.