स्लॅब आठ दिवसांत, घर आठ वर्षांत!

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. व्याकरणाला हसू नका.

माझी आत्या वरळीच्या बीडीडी चाळीतली. ब्रिटिशांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 च्या दशकात या चाळी बांधल्या म्हणून नाव बीडीडी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 चाळी, त्यातल्या 121 एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची आणि संडास मजल्यावर कॉमन. आता म्हाडा तिथे चाळीस मजली टॉवर बांधतंय, रहिवाशांना 500 चौरस फुटांचं घर फुकट.

सेकंड इयरला असताना मी मेसच्या टेबलावर बसून आत्याला हिशोब करून दिला होता. अॅल्युमिनियमचं शटरिंग वापरलं आणि सगळं सुरळीत चाललं तर आठ दिवसांत एक मजला. चाळीस मजले म्हणजे 320 दिवस. पाया, लिफ्ट, प्लंबिंग, फायरची परवानगी, ओसी धरून फार तर तीन वर्षं. आत्या हसली. म्हणाली, "अगं, भूमिपूजन 2017 ला झालं, ते मी मैदानात उभी राहून बघितलंय. वरळीचा नारळ 2021 ला परत फुटला!"

मग माझं काय चुकलं? थर्ड इयरला सीपीएम शिकल्यावर डोक्यात प्रकाश पडला. ज्या कामाला उशीर झाला की सगळ्या प्रोजेक्टलाच उशीर होतो, ते क्रिटिकल पाथवरचं काम. मी तो पाथ स्लॅबमधून काढला होता. खरा पाथ जातो आत्याच्या खोलीतून.

कारण वरळीला मोकळी जमीन कुठाय? टॉवर उभा राहायचा तो चाळींच्याच जागेवर. म्हणजे आधी त्या जागेवरच्या सगळ्या चाळी रिकाम्या हव्यात. 79 खोल्या रिकाम्या झाल्या आणि एक अडून बसली, तरी चाळ पाडता येत नाही. लोक हलणार कधी? पात्र ठरले की. इथे कागद आडवे येतात. आत्याची भाडेपावती तिच्या सासऱ्यांच्या नावावर, ते वारून कित्येक वर्षं झालेली. वारस कोण, नाव कसं चढवायचं, यात तिचे खेटे सुरू. काही खोल्या पोलिसांना नोकरीमुळे मिळालेल्या, त्यांना मालकी द्यायची का आणि कितीला, हा वाद वेगळाच. करारनामा, मग संक्रमण शिबिरातली खोली किंवा भाडं, मग चाळ पाडणं... आणि या सगळ्यानंतर माझा पहिला स्लॅब! वरळीत साडेनऊ हजारांच्या वर कुटुंबं आहेत, ती टप्प्याटप्प्यानेच हलवावी लागतात. लोकांनी हट्ट केला असं म्हणणं सोपं आहे. पण हातातली खोली सोडून नुसत्या कागदावर विश्वास ठेवायचा, तर पावलं जड होणारच ना? मीही अडून बसले असते.

14 ऑगस्ट 2025 ला वरळीच्या पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या. चाळीस मजली इमारतीच्या दोन विंगांमधली घरं. टीव्हीवर बघताना मला एकदम भरून आलं. फोन लावला तर आत्या शांत. तिचा नंबर त्यात नव्हता. तिची चाळ नंतरच्या टप्प्यातली, कागद पुरे व्हायला उशीर झाला, आणि ती सध्या भाड्याच्या खोलीत राहते.

गेल्या सुट्टीत तिच्याकडे गेले होते. पितळेची भांडी अजून गोणपाटात बांधलेली. मी म्हटलं, "सोडून मांडून देऊ का गं?"

"राहू दे," ती म्हणाली, "सोडली की परत बांधायला लागतात. तू ते सांग, वर किती मजले झाले?"