पदव्युत्तर स्तरावरील संगणक-स्थापत्याचा अभ्यास

अभियांत्रिकीची पदवी घेतलेला विद्यार्थी पदव्युत्तर अभ्यासक्रमात संगणक-स्थापत्य हा विषय निवडतो, तेव्हा पूर्वी शिकलेलेच पुन्हा, फक्त अधिक तपशिलाने, शिकावयाचे आहे अशी त्याची पुष्कळदा समजूत असते. पदवीच्या वर्षांत त्याने ८०८५ या सूक्ष्मप्रक्रियकाची आकृती काढलेली असते, त्याच्या आज्ञा पाठ केलेल्या असतात आणि प्रयोगशाळेतील संचावर दोन संख्यांची बेरीज करून दाखविलेली असते. परंतु तेथे यंत्र कसे चालते एवढेच सांगितले जाते. पुढच्या स्तरावर ते तसेच का बांधले, आणि निराळे बांधले असते तर लाभ किती व तोटा किती झाला असता, हे मोजून दाखवावे लागते. हा फरक ध्यानात न आल्यामुळे हुशार विद्यार्थ्यांचेही पहिले सत्र वाया जाते.

बडोद्याच्या, म्हणजे आजच्या वडोदऱ्याच्या, विद्यार्थ्यांना या विषयाची रीत परकी वाटण्याचे वास्तविक कारण नाही. श्रीमंत महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली येथे कलाभवनाची स्थापना केली. प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली तेथे तांत्रिक विषय देशी भाषांतून आणि प्रत्यक्ष हातांनी काम करवून शिकविण्याचा उपक्रम झाला. पुढे १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, आणि कलाभवन त्याच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत विलीन झाले. रंगकाम शिकावयाचे तर कापड रंगवून पाहिले पाहिजे, हा त्या संस्थेचा दंडक. संगणक-स्थापत्याची अडचण अशी होती की, सिलिकनची चकती काही महाविद्यालयाच्या कार्यशाळेत तयार होत नाही. ही अडचण आता बरीचशी दूर झाली आहे; ती कशी, हे पुढे येईलच.

प्रथम 'स्थापत्य' या शब्दाविषयी. १९६४ साली आयबीएम कंपनीने '३६०' ही संगणकमालिका जाहीर केली. तीत लहानमोठी अनेक यंत्रे होती. किमती व वेग निरनिराळे, परंतु आज्ञासंच एक. लहान यंत्रासाठी लिहिलेला कार्यक्रम मोठ्यावर चालावा, हा हेतू. आज्ञा लिहिणाऱ्याला यंत्राचे जे रूप दिसते ते स्थापत्य, आणि ते रूप साकारण्यासाठी आत केलेली मांडणी ती रचना, असा भेद तेव्हापासून रूढ झाला. व्यवहारात मात्र या विषयाच्या नावाखाली दोहोंचाही अभ्यास होतो.

मोजमापाचे मूळ सूत्र साधे आहे. एखाद्या कार्यक्रमास लागणारा वेळ म्हणजे एकूण आज्ञांची संख्या, प्रत्येक आज्ञेस सरासरी लागणारे घड्याळाचे ठोके आणि एका ठोक्याचा अवधी, या तिहींचा गुणाकार होय. एक घटक कमी करावा तर दुसरा वाढतो, आणि तेथेच खरा अभ्यास सुरू होतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर दिलीप भांडारकर यांनी डग्लस क्लार्क यांच्यासह १९९१ साली प्रसिद्ध केलेला निबंध या दृष्टीने आजही वाचण्याजोगा आहे. त्यांनी व्हॅक्स ८७०० आणि मिप्स एम/२००० या अंतर्रचनेत बऱ्याच सारख्या असलेल्या दोन यंत्रांवर तेच नऊ कार्यक्रम चालवून पाहिले. साध्या आज्ञांच्या मिप्सला दुपटीहून काहीशा अधिक आज्ञा पार पाडाव्या लागल्या. तथापि गुंतागुंतीच्या आज्ञांच्या व्हॅक्सला दर आज्ञेमागे सहापटीच्या जवळपास ठोके लागले. एकूण ठोक्यांत मिप्सची सरशी सरासरीने २.७ पट भरली. 'साध्या आज्ञा चांगल्या' असे त्यापूर्वी पुष्कळांनी म्हटले होते. या दोघांनी त्या मताला आकडा दिला.

स्मृतीचा प्रश्न याहून अधिक व्यवहारातला आहे. प्रक्रियकाजवळची लहान, जलद स्मृती, जिला कॅश मेमरी म्हणतात, ती दोन ठोक्यांत उत्तर देते आणि मुख्य स्मृतीकडे जावे लागल्यास आणखी २०० ठोके लागतात, असे धरू. शंभरांपैकी ९८ वेळा हवी ती माहिती जवळच सापडली, तर सरासरी सहा ठोके पडतात. ९५ वेळाच सापडली, तर बारा. केवळ तीन टक्क्यांच्या फरकाने प्रतीक्षा दुप्पट होते. हे पडताळण्यास महागडे यंत्र नको. सी भाषेत ४,००० पंक्ती व ४,००० स्तंभांचे कोष्टक घ्यावे, त्याची बेरीज एकदा पंक्तीवार व एकदा स्तंभवार करावी आणि दोन्ही वेळा नोंदवून ठेवाव्यात. बेरजा तेवढ्याच, उत्तरही तेच. पण सी भाषेत एका पंक्तीतील संख्या स्मृतीत लागोपाठ असल्याने पंक्तीवार बेरीज लवकर संपते.

आता कार्यशाळेविषयी. यंत्र न बांधता त्याच्या वर्तनाची ठोक्याठोक्याने नक्कल करणारे 'जेम-५' सारखे सिम्युलेटर विनामूल्य मिळतात. अमेरिकेतील बर्कली येथे २०१० साली आरंभ झालेला 'रिस्क-फाइव्ह' हा आज्ञासंच सर्वांस खुला आहे. त्यावर बेतलेला छोटा प्रक्रियक विद्यार्थी स्वतः रचू शकतो आणि एफपीजीए फलकावर चालवू शकतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. माधव देसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेला 'अजित' प्रक्रियक याच मार्गाचे मोठे उदाहरण आहे. त्याचा आज्ञासंच स्पार्क या पूर्वीच प्रसिद्ध झालेल्या मानकाचा. आतील रचना मात्र स्वतंत्र.

गुजरातेत सध्या चिपविषयी बरेच बोलले जाते, म्हणून एक खुलासा येथे अवश्य आहे. धोलेरा येथे १३ मार्च २०२४ रोजी पायाभरणी झालेला प्रकल्प चकतीच्या निर्मितीचा आहे, तर साणंद येथील मायक्रॉनचा प्रकल्प जोडणी व चाचणीचा. तेथे रसायन, धातू, यंत्र व विद्युत शाखांच्या पदवीधरांनाही वाव आहे. केवळ त्या कारखान्यांकडे पाहून संगणक-स्थापत्याकडे वळू नये. हा विषय त्याआधीच्या आराखड्याचा आहे.

प्रबंधाचा विषय निवडताना 'नवा प्रक्रियक' अशी भव्य घोषणा टाळणे इष्ट. एका अवधीत झेपेल असा प्रश्न घ्यावा: कॅश मेमरीतून कोणती माहिती प्रथम काढून टाकावी, किंवा पुढील शाखेचा अंदाज चुकल्यास किती ठोके वाया जातात. निकाल मांडताना कोणते कार्यक्रम चालविले, किती वेळा चालविले आणि तुलना कोणत्या मूळ रचनेशी केली, हे प्रारंभीच लिहावे. सुधारणेमुळे एखादा कार्यक्रम मंदावला असेल, तर तो आकडाही कोष्टकात राहू द्यावा. परीक्षकांचे पहिले प्रश्न बहुधा त्याच आकड्यावर येतात, आणि त्यांची उत्तरे शोधतानाच विद्यार्थ्याला आपल्या रचनेची मर्यादा कळते.