चार्टर शाळांची तीस वर्षे आणि सोडतीबाहेर राहिलेली मुले

अमेरिकेतील शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी १९८८ साली वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमधील भाषणात एक कल्पना मांडली. नेहमीच्या शाळेत ज्यांचे निभत नाही अशा मुलांसाठी काही शिक्षकांनी एकत्र यावे, सरकारी पैशावर पण नियमांच्या जाचातून मोकळी अशी छोटी शाळा काढावी, आणि तिथे जे हाती लागेल ते सगळ्या शाळांना द्यावे, असा तिचा गाभा होता. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने अशा शाळांचा, म्हणजेच चार्टर शाळांचा, पहिला कायदा केला. पुढच्याच वर्षी सेंट पॉल शहरात सिटी अकादमी उघडली, तीही शिक्षण अर्ध्यावर सोडलेल्या मुलांसाठी. पाठोपाठ १९९३ मध्ये त्याच शहरात कर्णबधिर मुलांची चार्टर शाळा निघाली. या चळवळीचा जन्मच अवघड मुलांच्या नावाने झाला, हे आज मुद्दाम आठवायला हवे. कारण आता देशभर सुमारे आठ हजार चार्टर शाळा आहेत, त्यांत ३७ लाखांच्या आसपास मुले शिकतात, आणि त्यांचे यश मोजले जाते ते बहुतांशी परीक्षेतील गुणांनी. ज्यांच्यासाठी ही वाट काढली, त्या मुलांच्या वाट्याला काय आले, हा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

त्यासाठी आधी कायद्याची चौकट पाहू. १९७५ च्या संघीय कायद्याने प्रत्येक दिव्यांग मुलाला मोफत आणि त्याच्या गरजेला साजेशा शिक्षणाचा हक्क दिला. मुलागणिक लेखी वैयक्तिक शिक्षण आराखडा करायचा; वाचा-उपचार आठवड्याला किती तास, मदतनीस हवा की नको, वेगळा वर्ग लागेल का, हे सगळे त्यात नोंदवायचे आणि ते पाळायचे. चार्टर शाळा सरकारी पैशावर चालत असल्याने यातून तिला सूट नाही. प्रवेशाला अर्ज जास्त आले तर सोडत काढायची, मूल पारखून घ्यायचे नाही, हाही दंडक आहे. कागदावर तरी दार सर्वांना उघडे आहे. पण २०१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने आकडे मांडले, तेव्हा २००९-१० या वर्षी नेहमीच्या सरकारी शाळांत दिव्यांग मुलांचे प्रमाण ११.२ टक्के आणि चार्टर शाळांत ८.२ टक्के निघाले. पुढच्या काही वर्षांत ही दरी कमी झाली, मिटली मात्र नाही.

चार्टरच्या पाठीराख्यांचे यावर एक उत्तर असते आणि ते झटकून टाकण्यासारखे नाही. ते म्हणतात, आम्ही मुलांना बाहेर काढत नाही, आम्ही त्यांच्यावर शिक्का मारत नाही. या म्हणण्याला आधार आहे. न्यूयॉर्क शहरातील शाळांचा अभ्यास करणाऱ्या मार्कस विंटर्स यांना आढळले की ही दरी बालवाडीपासून तिसरीपर्यंत वाढत जाते. त्यामागे मुले हाकलणे हे मुख्य कारण नसून, चार्टर शाळा मुलांची ‘विशेष शिक्षण’ या सदरात नोंद कमी करतात आणि आधीची नोंद काढूनही टाकतात, हे मोठे कारण आहे. बॉस्टनमध्ये एलिझाबेथ सेट्रेन यांनी सोडतीत नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना केली. चार्टरमध्ये गेलेल्या मुलांची विशेष नोंद निघून जाण्याचा संभव खूपच जास्त होता, आणि तरी त्यांचे गुण वाढले होते. जादा वेळ, कसून शिकवणी, कडक शिस्त यांचा वाचनात अडखळणाऱ्या कित्येक मुलांना खरोखरच फायदा होतो. सौम्य अडचणीच्या मुलासाठी चांगली चार्टर शाळा ही चांगलीच शाळा असते, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. पण बॉस्टनचा अभ्यास सोडतीत उतरलेल्या मुलांचा आहे. जी मुले सोडतीपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यांच्याविषयी तो बोलू शकत नाही. शिवाय वाचताना अक्षरे चुकवणारे मूल आणि स्वतः जेवू न शकणारे, बोलू न शकणारे मूल एकाच टक्केवारीत मोजले, तर दुसऱ्याचा प्रश्न पहिल्याच्या यशाखाली दबून जातो.

ती मुले सोडतीपर्यंत का पोहोचत नाहीत, याचा पुरावा पीटर बर्गमन आणि आयझॅक मॅकफार्लिन यांनी २०१८ मध्ये पुढे आणला. त्यांनी २९ राज्ये आणि राजधानीतील ६,४५२ शाळांना पालकांच्या नावाने ई-मेल पाठवले. त्यांत चार्टर शाळा होत्या, तशाच पालकांना निवडता येणाऱ्या इतर सरकारी शाळाही होत्या. मजकूर अगदी साधा: मुलाला तुमच्या शाळेत घालायचे आहे, अर्ज कसा करायचा? काही पत्रांत मात्र एक जादा ओळ होती. कुठे मुलाच्या वागणुकीची तक्रार, कुठे कमी गुण, तर कुठे त्याच्या आराखड्यानुसार त्याला वेगळ्या वर्गात शिकवावे लागते ही माहिती. साध्या पत्रांना निम्म्याहून थोडी जास्त उत्तरे आली. वेगळ्या वर्गाची ओळ असलेल्या पत्रांना चार्टर शाळांकडून सात टक्केबिंदूंनी कमी उत्तरे आली. इतर सरकारी शाळांत तसा फरक दिसला नाही. यात कुणी नकार दिलेला नाही, कायदा मोडलेला नाही, अपमान केलेला नाही. फक्त उत्तर आलेले नाही. तेवढ्याने तो पालक दुसरी शाळा शोधायला लागतो आणि त्याची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही. उघड प्रकारही घडले आहेत. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या सक्सेस अकादमी या मोठ्या संस्थेच्या एका शाळेत, घालवायच्या सोळा मुलांची यादी मुख्याध्यापकाने केल्याचे वृत्तपत्राने उघड केले. यादी चुकीची होती, मुख्याध्यापकाला समज दिली, असे संस्थेने सांगितले. पण अशा यादीपेक्षा मला न आलेल्या उत्तराची धास्ती जास्त वाटते, कारण त्याला जबाबदार धरायला कुणी सापडत नाही.

हे शिक्षक निर्दय आहेत म्हणून होते, असे मला वाटत नाही. याचे मूळ रचनेत आहे. मोठ्या शहरातील नेहमीच्या शिक्षण मंडळाकडे पन्नास-शंभर शाळा असू शकतात. एका शाळेत स्वमग्न मुलांचा वर्ग, दुसरीत कर्णबधिरांचा, आणि थेरपिस्ट या शाळेतून त्या शाळेत फिरते असतात. बऱ्याच राज्यांत चार्टर शाळा कायद्याने स्वतःच एक स्वतंत्र मंडळ ठरते. तीनशे मुलांच्या शाळेत पूर्णवेळ परिचारिका आणि स्वतंत्र मदतनीस लागणारे एकच मूल आले, तर वर्षाचे अंदाजपत्रक कोलमडू शकते. त्यात केंद्र सरकारने १९७५ साली सरासरी खर्चाच्या ४० टक्के भार उचलण्याचे ठरवले होते, तो पूर्ण कधीच उचललेला नाही; बहुतेक वर्षी त्याच्या निम्माही उचलला नाही. गुणांवर परवाना टिकतो, पैसा डोईगणिक मिळतो, आणि सर्वांत महागडे मूल गुणही वाढवत नाही, अशा व्यवस्थेत भल्या माणसालाही ते मूल शेजारच्या शाळेत गेले तर बरे असे वाटू लागते. अडचण अशी की शेजारची शाळाही हाच विचार करत असते.

न्यू ऑर्लिन्समध्ये हे संपूर्ण शहराच्या पातळीवर घडले. ऑगस्ट २००५ च्या कतरिना वादळानंतर लुइझियाना राज्याने शहरातील शंभराहून अधिक शाळा ताब्यात घेतल्या आणि हळूहळू जवळजवळ सगळ्या चार्टर संस्थांच्या हाती दिल्या. गुण वाढले, कौतुक झाले. मात्र ऑक्टोबर २०१० मध्ये सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने दिव्यांग मुलांच्या वतीने राज्यावर संघीय न्यायालयात दावा लावला. शाळांमागून शाळा प्रवेश टाळतात, घेतले तर सोयी देत नाहीत, आणि अपंगत्वातून येणाऱ्या वागणुकीसाठी शिक्षा करतात, असे त्यात म्हटले होते. शहरात शाळा पुष्कळ होत्या, पण या मुलाला घेणे आमचे काम आहे असे म्हणणारे कुणी उरले नव्हते. त्यानंतरचे बदल बोलके आहेत. २०१२ पासून बहुतेक शाळांसाठी एकच प्रवेश अर्ज आला, शाळेतून काढण्याची सुनावणी एका मध्यवर्ती कार्यालयाकडे गेली. अपंगत्वाचे स्वरूप आणि लागणाऱ्या सेवा पाहून कमी-जास्त निधी देण्याची पद्धत आली. २०१५ मध्ये न्यायालयाच्या संमतीने तडजोड होऊन स्वतंत्र निरीक्षक नेमला गेला, आणि २०१८ मध्ये शाळा पुन्हा निवडून आलेल्या स्थानिक मंडळाच्या देखरेखीखाली आल्या. चार्टर शाळा राहिल्या, पण प्रवेश, हकालपट्टी आणि पैसा या तीन गोष्टी त्यांच्या एकट्याच्या मर्जीवर राहिल्या नाहीत.

सरकारी शाळा तरी कुठे धुतल्या तांदळासारख्या आहेत, असे कुणी म्हणेल, आणि ते खरे आहे. टेक्सास राज्याने २००४ पासून विशेष शिक्षणाच्या मुलांचे प्रमाण ८.५ टक्क्यांवर आणण्याचे लक्ष्य ठेवले होते. ह्यूस्टन क्रॉनिकल या दैनिकाने २०१६ मध्ये ते उघडकीस आणले, तोवर हजारो मुले मदतीवाचून वाढली. हा अन्याय चार्टर शाळांतील कुठल्याही प्रकारापेक्षा मोठा होता. पण तो पकडता आला आणि २०१८ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने राज्याला दोषी धरले, कारण एका राज्याचा एक आकडा होता आणि उत्तर देणारी एक यंत्रणा होती. हाच अन्याय शेकडो स्वायत्त शाळांत थोडा-थोडा वाटला गेला, तर तो कुणाच्याच नावावर चढत नाही.

तीस वर्षांचा पुरावा पाहून माझा निर्णय असा आहे: सौम्य गरजांच्या मुलांना अनेक चार्टर शाळांनी न्याय दिला, जास्त गरजांच्या मुलांना या व्यवस्थेने आपणहून दिला नाही. जिथे मिळाला तिथे तो न्यायालय, मध्यवर्ती प्रवेश आणि गरजेप्रमाणे पैसा यांमुळे मिळाला. आपल्याकडेही मुंबई महापालिकेने २०१३ मध्ये शाळांसाठी सार्वजनिक-खासगी भागीदारीचे धोरण स्वीकारले, आणि आकांक्षा फाउंडेशनसारख्या संस्था मुंबई-पुण्यात पालिकेच्या शाळा चालवतात. अशा शाळांचे करार होतील तेव्हा दिव्यांग मुलांच्या प्रवेशाची, त्यांच्या खर्चाची आणि मूल शाळा सोडून गेल्यास त्याच्या चौकशीची जबाबदारी नेमकी कुणाची, हे करारात नावानिशी लिहून घ्या. नगरसेवक, शिक्षण अधिकारी आणि पालक संघ यांना एवढे एक कलम आग्रहाने मागता येईल.