कॅल्शियमने मागितलेला '२'

एक अंडं व्हिनेगरमध्ये दीड-दोन दिवस बुडवून ठेवा. कवचावर बारीक बुडबुडे धरतात, कवच विरत जातं आणि शेवटी हाती येतं ते नुसत्या पापुद्र्यात तोललेलं, लिबलिबीत अंडं. कवच गेलं कुठे? उत्तर एका ओळीत मावतं:

२ ॲसिटिक आम्ल + १ कॅल्शियम कार्बोनेट → १ कॅल्शियम ॲसिटेट + १ पाणी + १ कार्बन डायऑक्साइड

पहिल्याच आकड्यापाशी थांबा. आम्लाचे रेणू दोन का? एकात का भागत नाही? कारण कॅल्शियमला दोन हात आहेत आणि ॲसिटेटला एकच. दोन्ही हात धरायचे तर ॲसिटेट दोन हवेत! शाळेत वाटायचं, हे आकडे दोन्ही बाजू जुळवायला कुणीतरी मागाहून घातलेत. छे, हा '२' खुद्द कॅल्शियमने मागितलेला आहे.

खाण्याच्या सोड्यातल्या सोडियमला मात्र एकच हात. तिथे आम्लाचा एक रेणू पुरतो:

सीएच३सीओओएच + एनएएचसीओ३ → सीएच३सीओओएनए + एच२ओ + सीओ२

मोजून बघा. दोन्हीकडे कार्बन ३, हायड्रोजन ५, ऑक्सिजन ५, सोडियम १. एवढा फसफसाट झाला, पण एक अणू वाढला नाही की हरवला नाही! वजनातही तेच. डावीकडे ६० ग्रॅम आम्ल आणि ८४ ग्रॅम सोडा, म्हणजे १४४. उजवीकडे ८२, १८ आणि ४४. बेरीज पुन्हा १४४! (नेहमीच्या व्हिनेगरमध्ये आम्ल शेकडा ५च्या आसपासच असतं; ६० ग्रॅमसाठी सव्वा लिटरभर ओतावं लागेल.) भांडं उघडं असेल तर तराजू कमी दाखवतो, कारण वायूचे ते ४४ ग्रॅम हवेत निघून जातात.

मुळात हे आम्ल येतं कुठून? गोव्यात माडाच्या सुरेचं व्हिनेगर करतात. सुरेतल्या अल्कोहोलचा एक रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू घेऊन जिवाणू आम्लाचा एक आणि पाण्याचा एक रेणू घडवतात. हिशेब चोख, आणि तोही जिवाणूंचा!

पण जुळलेलं समीकरणसुद्धा सगळं सांगत नाही, आणि मला खरी गंमत इथेच वाटते. आम्ल आणि अल्कोहोल गंधकाम्लाच्या थेंबांसह तापवले की फळासारख्या वासाचं इथिल ॲसिटेट आणि पाणी मिळतं. एकास एक, दोन्ही बाजू समान. मात्र त्या पाण्यातला ऑक्सिजन कुणी दिला, आम्लाने की अल्कोहोलने? दोघांकडेही ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी आहे, आणि समीकरण गप्प!

१९३८ मध्ये आयर्विंग रॉबर्ट्स आणि हॅरल्ड युरी यांनी याच धाटणीच्या अभिक्रियेत हे शोधलं. त्यांनी ॲसिटिकच्याच कुळातलं बेन्झोइक आम्ल घेतलं आणि मिथेनॉल मात्र ऑक्सिजन-१८ हा जड ऑक्सिजन मिसळलेलं. पाणी तपासलं, तर त्यात तो जादा जड ऑक्सिजन नव्हताच. तो आम्ल आणि अल्कोहोलपासून बनलेल्या एस्टरमध्ये राहिला होता. पाण्यातला ऑक्सिजन आम्लाचा होता.