खुर्चीचा रंग जुळवताना



माझ्या सासूबाईंची सागवानी खुर्ची आमच्याबरोबर मुंबईहून इस्रायलला आली. मागच्या वर्षी तिचा एक पाय मोडला. सुताराने बीच लाकडाचा नवा पाय बसवला. रंग मात्र मी स्वतः लावला, अन् मला तो अगदी जुळल्यासारखा वाटला. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरी येऊन बघते तर काय, पाय चांगलाच तांबडा!

मी नर्स, मला हे आधीच सुचायला हवं होतं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, निळा प्रकाश अडवतं. मग रंगांतला बारीक फरक कळत नाही. म्हणून पहिली गोष्ट, रंग जुळवताना नातवंडांपैकी कुणाला तरी शेजारी बसवा.

दुसरी गोष्ट, आधी त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर रंग लावून बघा. तुकडा आणि पाय एकाच नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, कारण खरखरीत लाकूड जास्त रंग पितं आणि गडद दिसतं. गोंद राहिलेल्या जागी रंग चढत नाही, तो आधी खरवडून काढा. रंग नुसता वाळला की फिका, मळकट दिसतो. वरून पॉलिशचा हात दिल्यावरच खरा रंग समजतो. तो दिवसा खिडकीपाशी बघा आणि रात्री दिव्याखालीही बघा.

तिसरी गोष्ट औषधाच्या डोससारखी. थोड्यापासून सुरुवात करा. फिका रंग गडद करता येतो, पण गडद झालेला फिका करायला सगळं घासून काढावं लागतं.

तांबडेपणावर उतारा हिरव्या रंगाचा. लाखेच्या पॉलिशमध्ये स्पिरिटमध्ये विरघळणारा हिरवा रंग अगदी चिमटीभर मिसळला. पातळ हात दिला, वाळू दिला, पुन्हा बघितलं. दोन हातांत तांबडेपणा मावळला. हिरवा जास्त झाला तर लाकूड मळकट दिसतं, तेव्हा घाई नको. लाकूड फार पिवळं दिसलं तर असाच किंचित जांभळा चालतो.

एक महत्त्वाचं. जवसाचं तेल लावलेली फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर मोकळी पसरून वाळवा.

आता खाली वाकून बघितलं तरच नवा पाय ओळखू येतो. पण आपल्या वयात वाकतंय कोण?