सिकलसेल : याप्य व्याधी आणि रुग्णाचे मन

काही वर्षांपूर्वी, ऐन थंडीत, चंद्रपूर जिल्ह्यातील आमच्या चिकित्सालयात एक माता नववीतील मुलास घेऊन आली. मांड्या व पाठीतील शूलामुळे त्याने सारी रात्र बसून काढली होती. 'परीक्षा आली का याचं असंच होते. नाटकं तं नाही करत ना जी, डॉक्टरसाहेब?' तिने विचारले. ज्वर नव्हता, सूज नव्हती. त्वचा पांडुर व नेत्रांत किंचित पीतता एवढेच दिसले. आम्ही 'पांडू' असे निदान केले, लोहकल्प दिला आणि वर 'जरा धीट हो' असा उपदेशही केला. मुलाने खाली घातलेली मान जाईपर्यंत वर केली नाही.

पुढे रक्ताचे इलेक्ट्रोफोरेसिस झाले आणि सिकलसेल निश्चित झाला. मातेचे निरीक्षण अचूक होते, अनुमान तेवढे चुकले होते. शीत, जलाल्पता, श्रम आणि मानसिक ताण ही या व्याधीच्या वेगाची परिचित निमित्ते आहेत. परीक्षा व थंडी एकत्र आली की त्याला खरोखरच दुखत असे. आमची चूक मात्र दुहेरी होती. सिकलसेलमध्ये लोहाची न्यूनता असतेच असे नाही. वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णात तर लोह साचलेले असते. तपासणीवाचून लोहकल्प देणे योग्य नव्हे.

हिमोग्लोबिनच्या बीटा शृंखलेतील सहाव्या स्थानी एक अमिनो आम्ल बदलते, एवढ्यावरून रक्तकण विळ्यासारखे वाकतात व सूक्ष्म स्रोतसांत अडकतात. सुश्रुतोक्त आदिबलप्रवृत्त व्याधींत याची गणना करता येईल. विदर्भात व नंदुरबारच्या सातपुड्यात गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा यांच्यात तो आढळतो. नवबौद्ध व अन्य समाजांतही आढळतो. 'हा आदिवासींचा रोग' ही समजूत सोडावी.

वेदना बहुतांशी वैद्याच्या दृष्टीआड घडते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात १६ वर्षांवरील २३२ रुग्णांनी सहा महिन्यांपर्यंत रोजनिशी लिहिली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून अधिक दिवशी वेदनेची नोंद होती. रुग्णालयाची पायरी मात्र क्वचितच चढली गेली. त्यांतील चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्णांत विषाद आढळला, आणि अशांच्या वेदनेचे दिवसही अधिक होते. म्हणजे रुग्ण घरी सोसतो, आणि 'काल तर बरा होता' हे वाक्य त्याला घरात, शाळेत व आमच्याकडेही ऐकावे लागते.

चरकाने सत्त्वावजय ही स्वतंत्र चिकित्सा मानली आहे. मनासाठीच्या उपायांत तेथे ज्ञान आधी आणि धैर्य नंतर येते. आम्ही क्रम उलटा केला होता. दुसऱ्या भेटीत त्या मुलास प्रथम सांगितले, 'तुझे दुखणे खरे आहे.' मग कारण समजावले व एक वही दिली : कधी दुखले, आदल्या दिवशी काय घडले, कशाने उतरले. दोन महिन्यांत त्यालाच उमगले की, पाणी कमी प्यालेले दिवस आणि पहाटेचे गार स्नान त्याला बाधते. वेदना संपली नाही. ती अकस्मात कोसळते ही भीती मात्र ओसरली. शिक्षकांना आम्ही चिठ्ठी लिहिली की, वर्गात पाण्याची बाटली व लघुशंकेस जाण्याची मुभा असावी. गरम शेक व संथ दीर्घ श्वसन शिकविले. दीर्घ कुंभक कटाक्षाने टाळला. वमन, विरेचन वा कडक लंघन अशा रुग्णास सहजी देऊ नये. शरीरातील जलांश घटला की वेग येतो. हायड्रॉक्सियुरिया चालू असल्यास ते बंद करण्यास सांगू नये. तीव्र ज्वर, छातीत दुखणे, धाप किंवा अचानक आलेला अशक्तपणा दिसताच रुग्णालयात पाठवावे.

आता थोडे अप्रिय. 'सिकलसेल मुळापासून बरा' अशा जाहिराती आपल्याच व्यवसायातील मंडळी देतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने मोजके रुग्ण व्याधिमुक्त होतात; जनुकीय उपचारांनाही २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. बाकीच्यांसाठी हा व्याधी याप्य आहे, आणि याप्य म्हणजे त्याज्य नव्हे. खोट्या आश्वासनापायी शेतीचा तुकडा विकलेले कुटुंब आमच्या पाहण्यात आहे. पुढच्या वेगात त्या घरातील मुलगी औषधालाच नव्हे, वैद्यालाही नकार देऊ लागली.

मातेचे मन हा निराळाच विषय. सासरी तिला 'पांढऱ्या पायाची' म्हटले जात होते. दोष दोघांकडून येतो, आणि दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भाला रोग होण्याची शक्यता चारात एक असते, हे आम्ही तिच्या पतीस समोर बसवून सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हेही सांगितले. परंतु 'पोराला दिव्यांग लिहायचं?' म्हणून प्रमाणपत्राचा अर्ज त्याने अद्याप भरलेला नाही.

मुलगा दहावीची परीक्षा स्वेटर घालून, बाटली जवळ ठेवून देऊन आला. गणिताच्या दिवशी दुखले, असे वहीत आहे. पेपर पूर्ण लिहिल्याचेही आहे. गेल्या खेपेस माता आली ती धाकट्या मुलीचा हात धरून. 'हिचंही रक्त पाहून घ्या जी', एवढेच म्हणाली.